गणपतीआधी फरशी उखडू नका

प्रश्न थोडक्यात असा. खारघरच्या एका वाचकाने गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुर्भ्याच्या एका दुकानातून पांढऱ्या मार्बलच्या २ बाय २ फुटी लाद्या घेतल्या. ५४० चौरस फूट, १६५ रुपये दर, एकूण ८९,१०० रुपये. जीएसटी वाचवायला पक्कं बिल घेतलं नाही, इस्टिमेटच्या चिठ्ठीवर व्यवहार झाला. पैसे मात्र बँकेतून गेले. लाद्या स्वतःच्या गवंड्याकडून बसवून घेतल्या, मजुरी चौरस फुटाला ७५ रुपये. जुलैत लाद्यांवर तपकिरी-पिवळे डाग उमटले. दुकानदार वर्षभर ‘बघतो, माणूस पाठवतो’ म्हणत राहिला. आता म्हणतो, नैसर्गिक दगड आहे, असंच असतं, आणि बसवलेल्या मालाची तक्रार चालत नाही. घरी गणपती असतात, म्हणून पुढच्या आठवड्यात सगळी फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायचं ठरलंय. ‘त्यानंतर आम्हाला केस करता येईल का?’

केस करता येईल. पण फरशीचा राबिट (तोडलेले तुकडे) एकदा गोणीत भरून खाली गेला की त्या केसमध्ये फारसं काही उरणार नाही.

पावसाळा सुरू झाला की असे प्रश्न येतातच. कधी कोटा फरशीचे पापुद्रे सुटतात, कधी हिरव्या मार्बलचे कोपरे वर उचलतात, कधी पांढऱ्यावर गंज येतो. विचारणाऱ्याला काळजी असते ती बिलाची. बिल नसणं हा गाढवपणा आहे, त्यावर पुढे बोलू, पण अशी प्रकरणं बिलावाचून क्वचितच पडतात. ती पडतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८(२)(सी) वर. मालातला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग त्या मालाचा नमुना तक्रारदाराकडून घेतो, सीलबंद करतो आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची. दोष सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे, आणि तुम्ही नमुनाच डम्परमध्ये घालायला निघाला आहात.

डाग ‘दिसतोय की’ म्हणून भागत नाही, कारण समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार की डाग दगडाचा नाही, बसवण्याचा आहे. हा बचाव पोकळ नसतो. पांढरी लादी काळ्या सिमेंटच्या मालावर (सिमेंट-वाळूच्या थरावर) बसवली, व्हाइट सिमेंट वापरलं नाही, तर खालचा ओलावा रंग घेऊन वर येतो. गवंड्याने शेवटी ॲसिडने धुतली, तर ॲसिड मार्बलचा पृष्ठभाग खातं आणि दगडातलं लोह आणखी लवकर गंजतं. बाथरूमची गळती असेल, तर त्या भिंतीच्या बाजूच्या लाद्या आधी खराब होतात. हिरव्या मार्बलमध्ये तर दगड उत्तम असूनही पाणी मिसळलेल्या चिकट्यावर तो वाकतो, तिथे इपॉक्सीच (रेझिनचा चिकटा) लागतो, आणि तिथे चूक बहुतेक बसवणाऱ्याची निघते.

तुमच्याकडे नेमकं काय झालंय, हे फोटोंवरून छातीठोक सांगता येणार नाही. ढोबळ खूण अशी: डाग सांध्यांलगत, लादीच्या चारी कडांनी चौकटीसारखा असेल, तर संशय खालच्या मालावर आणि ओलाव्यावर. डाग लादीच्या पोटात, ठिपक्यांचा किंवा शिरेच्या रेषेने जाणारा असेल आणि शेजारची लादी स्वच्छ असेल, तर लोह दगडातच आहे. तुम्ही पाठवलेल्या सहा फोटोंपैकी चारांत मला दुसरा प्रकार दिसतो. पण आयोगासमोर माझ्या डोळ्यांची किंमत शून्य.

म्हणून आता हे करा. घराचा साधा नकाशा काढा, लाद्यांना ओळीने नंबर द्या (हॉल १ ते ६०, बेडरूम ६१ पासून पुढे) आणि डाग पडलेल्या प्रत्येक लादीचा दिवसाउजेडी, नंबरची चिठ्ठी आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. मग उरलेल्या लाद्या शोधा. कापाकापीसाठी माल थोडा जादा मागवतातच. बाल्कनीत, जिन्याखाली, सोसायटीच्या मीटर रूममागे कुठेतरी पाच-सात पडलेल्या असतील. न बसवलेली लादी हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तिला ना गवंड्याचा हात लागला, ना सिमेंट, ना ॲसिड. त्यातली एकच लादी उथळ टबात इंचभर साध्या पाण्यात पंधरा दिवस ठेवा आणि रोज एक फोटो काढा. शिरेवर तपकिरी रंग आला, तर बसवण्याचा बचाव लंगडा पडतो. हा प्रयोग तुमच्या माहितीसाठी, पुरावा म्हणून नाही. बाकीच्या लाद्या कागदात गुंडाळून ठेवा, पुसूही नका. त्या आयोगाला द्यायच्या आहेत.

आयोगाकडच्या अर्जात काय तपासायचं ते स्पष्ट लिहा. ‘लाद्या तपासाव्यात’ एवढंच लिहिलं की अहवाल येतो, ‘नमुना मार्बल आहे.’ आयएस ११२४ (दगडाच्या तपासणीचं भारतीय मानक) प्रमाणे पाणी शोषण आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजांची तपासणी, म्हणजे लोहाची खनिजं आहेत का आणि डाग त्यांच्यापासून निघालाय का, असं मागा. मार्बलसाठीचं मानक आयएस ११३० आहे. त्यात २४ तास पाण्यात ठेवल्यावर शोषण वजनाच्या ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा आहे. दुकानदाराने आयएसआय माल म्हणून विकला नसेल, तरी मोजायला पट्टी मिळते.

गणपतीत पाहुण्यांसमोर डागाळलेली फरशी नको, हे कळतं. सतरंज्या घाला. अगदीच निकड असेल, तर हॉल तसाच ठेवून फक्त बेडरूम काढा, आणि तीही अशी: दुकानदाराला स्पीड पोस्टने पत्र पाठवा, ‘अमुक तारखेला, अमुक वाजता फरशी काढत आहोत, स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहा’, किमान सात दिवस आधी. त्या दिवशी चार्टर्ड इंजिनिअर बोलवा, सोसायटीतले दोन साक्षीदार घ्या, लादी खालच्या मालासकट उचलून तिच्या पाठीचाही फोटो घ्या (पाठ स्वच्छ आणि पोटात डाग, याला फार अर्थ आहे), पंचनाम्यावर सह्या घ्या. दुकानदार आला नाही, तर तसं लिहा. तो येत नाहीच बहुधा. कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागून आयोगामार्फत पाहणी करून घेता येते, मग मोकळेपणाने फरशी काढता येते. ही वाट सर्वात सुरक्षित, पण गणपतीच्या आत आदेश हातात पडेल याची हमी मी देणार नाही.

आता दुकानदाराच्या दोन वाक्यांकडे. ‘बसवलेल्या मालाची तक्रार चालत नाही’ यात अर्धं खरं आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे माल घेऊन त्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत कृती केली, म्हणजे लादी कापली, जमिनीत बसवली, की तो स्वीकारल्यासारखा होतो. मग माल परत करायचा हक्क जातो. नुकसानभरपाईचा जात नाही. कलम १३(२) आणि ५९ त्यासाठीच आहेत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं चिठ्ठीमागे छापलं म्हणून दोष असलेला माल विकण्याचा परवाना मिळत नाही. २०१९ च्या अधिनियमात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, कलम २(४७).

‘नैसर्गिक दगड असंच असतं’ यालाही मर्यादा आहे. शेडमध्ये फरक, शिरा, ढगाळपणा, याबद्दल भांडू नका, हराल. पण तुम्ही दुकानात नमुना पाहून माल घेतला. मालविक्री अधिनियमाचं कलम १७ म्हणतं की माल नमुन्यासारखा हवा, आणि नमुना नीट पाहूनही कळणार नाही असा, माल विक्रीयोग्य न ठेवणारा छुपा दोष त्यात नको. पहिल्या पावसात बाहेर येणारा गंज फेब्रुवारीत शोरूमच्या दिव्याखाली कुणाला दिसणार? ही तुमची भक्कम बाजू आहे, अर्थात अहवाल साथ देईल तर.

बिलाचं. पक्कं बिल न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या त्याच कलम २(४७) खाली विक्रेत्याची अनुचित प्रथा आहे, तेव्हा ‘बिल नाही म्हणून ग्राहक नाही’ हे चालणार नाही. बँकेची नोंद, इस्टिमेट, टेम्पोचं डिलिव्हरी चलन आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे ‘बघतो’ पुरेसे आहेत. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट लावू नका, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तेवढा कडक नसतो, पण समोरच्याला आक्षेपाची संधी कशाला द्यायची? आणि फोन बदलणार असाल, तर जुना विकू नका.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं, ग्राहक संरक्षण अधिनियमाचं कलम ६९. दोष दिसला तेव्हापासून धरा असं मी म्हणेन, दुकानदार खरेदीपासून म्हणेल. म्हणून हिशोब खरेदीच्या फेब्रुवारीपासूनच करा. वर्षभर तो गोड बोलत होता म्हणून घड्याळ थांबलेलं नाही. या चुकीने लोकांच्या चांगल्या केसेस बुडतात. तुमच्या हातात अजून वेळ आहे, पण ‘दिवाळीनंतर बघू’ इतका नाही.

कुठे दाखल करायची? खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. राहण्याच्या जागेवरून गेलात, तर अलिबाग. दुकान तुर्भ्यात, ते ठाणे जिल्ह्यात. तिथून गेलात, तर सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनातला ठाणे अतिरिक्त जिल्हा आयोग. कलम ३४ दोन्ही वाटा देतं, कोकण भवन निवडा. प्रत्येक तारखेला अलिबाग गाठण्यात अर्थ नाही. ‘न्यायकक्षा फक्त मुंबई’ असं चिठ्ठीवर असलं, तरी बिचकू नका. मालाची दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने दाखल करायला फी नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही.

पक्षकारांत दुकानासोबत गवंड्यालाही प्रतिवादी करा. तुमचं त्याच्याशी भांडण नाही, ठाऊक आहे. पण दुकान त्याच्याकडे बोट दाखवणार आणि तो समोर नसेल, तर आयोग म्हणेल दोष कुणाचा हे ठरत नाही. तक्रार ‘मालातील दोष’ म्हणूनच मांडा. काहीजण इंटरनेटवर वाचून ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ (सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी) लिहितात. तिथे हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे, म्हणजे लादी खराब झाली एवढ्यासाठी ते प्रकरण उपयोगाचं नाही.

मागणी: लाद्यांचे ८९,१००, बसवण्याचे ४०,५००, काढण्याचा आणि डेब्रिजचा खर्च कोटेशनसह, व्याज, त्रासापोटी माफक रक्कम. पाच लाखांचा मानसिक त्रास लिहू नका, वाचणारा हसतो. किती मिळेल हे सांगता येणार नाही. वर्षभर फरशी वापरली, सगळ्याच लाद्या खराब नाहीत, या कारणांनी कात्री लागू शकते.

वेळ? कायद्यात तपासणी असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली काढायची आहे. दुकानदाराने जबाब ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत द्यायचा, त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. ४५ दिवसांवर डोळा ठेवा आणि सेहेचाळिसाव्या दिवशी त्याचा जबाब यापुढे घेऊ नये असा अर्ज द्या, आयोग आपणहून करेल या भरवशावर राहू नका. पाच महिन्यांचं मात्र मनावर घेऊ नका. सदस्यांची पदं रिकामी, प्रयोगशाळा उशीर करते, समोरचा वकील आजारी पडतो, तारखा लांबतातच.

आयोगाची नोटीस गेली की दुकानदार बहुधा फोन करेल: ‘डायमंड पॉलिश मारून देतो, विषय संपवा.’ नमुना सीलबंद होईपर्यंत पॉलिशवाल्याला दारात उभा करू नका. घासून वरचा डाग जातो, आतलं लोह तसंच राहतं आणि पुढच्या जुलैत परत दिसतं. पैशाची बोलणी जरूर करा, आयोगासमोर मध्यस्थीचीही सोय आहे. रक्कम बँकेतून येऊ दे, ती खात्यात दिसल्यावरच ‘पूर्ण व अंतिम’ शब्द असलेल्या कागदावर सही करा, आणि त्या कागदावर दुकानाचा जीएसटी नंबर असू दे.