स्मूदी दाट का होत नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अननस आणि दह्याची स्मूदी करून ठेवली की थोड्या वेळात पातळ होते आणि कडवट लागते. दही बिघडलेलं असतं का?

उत्तर : दह्याचा दोष नाही. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. दह्याचा घट्टपणा केसिन या प्रथिनाच्या जाळीवर उभा असतो. जाळी तुटली की दही सैल पडतं, आणि केसिनच्या बारीक तुकड्यांतले बरेचसे चवीला कडू असतात. किवीतलं ॲक्टिनिडिन आणि पपईतलं पपेन हाच उद्योग करतात. पपेन कच्च्या पपईच्या चिकात भरपूर, पिकलेल्या फळात कमी. फ्रीजमध्ये ठेवून ही क्रिया मंदावते, थांबत नाही. त्यासाठी आचच हवी. शिऱ्यासाठी शिजवतो तशा अननसाच्या फोडी थोड्या साखरेत चार-पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा आणि मगच दह्यात घाला. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो थेट चालेल. ताजाच घालायचा असेल तर स्मूदी केल्या केल्या प्या.

प्रश्न : घरचं दही चांगलं घट्ट लागतं, तरी स्मूदी ताकासारखी होते.

उत्तर : कारण मिक्सरमध्ये तुम्ही ताकच करता! विरजताना दुधाची आंबटता वाढून सामू (pH; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की केसिनची जाळी बसते. पात्याने ती फाटली की पुन्हा तशी जुळत नाही. म्हणून आधी फळ एकजीव वाटा, दही शेवटी घाला आणि मिक्सर दोन-तीनदा नुसता फिरवून बंद करा. दही तासभर फडक्यात टांगून निथळलं तर फारच छान. पाणी जातं, प्रथिनं राहतात. पूर्ण चक्का होऊ द्यायची गरज नाही.

प्रश्न : बर्फ घालावा का?

उत्तर : नको. तो वितळतो आणि स्मूदी पाणचट होते. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या गोठवून घाला. केळं पिकताना स्टार्चची साखर होते, आणि साखरेमुळे ते दगडासारखं गोठत नाही, मऊ वाटलं जातं.

प्रश्न : बाटलीत वर फेस, खाली पाणी असे थर होतात.

उत्तर : जास्त वेळ फिरवल्याने हवा शिरते, आणि बुडबुडे फळाचा चोथा वर नेतात. कमी फिरवा. भिजवलेला सब्जा चमचाभर ढवळून घातला तर त्याचा बुळबुळीतपणा पाणी धरून ठेवतो. थर झालेच तर बाटली हलवून प्या, स्मूदी खराब झालेली नसते.