रडू आलं तर येऊ दे

बाय, तो धार्मिक गट सोडून तुला महिनाच झालाय, म्हणून सांगते. मीही अशाच गटात असताना माझी आई गेली, तेव्हा मी रडले नाही. रडणं म्हणजे श्रद्धा कमी, असं पढवलेलं! राग आला तर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचा. असल्या कबुलीजबाबांतून माणूस कसा मुठीत ठेवतात, ते रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ सालीच मांडलंय.

बाहेर पडल्यावर एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, दिसला. आईच्या आवडीचा. भर गर्दीत हुंदका फुटला. फुलवालीने न विचारता स्टूल पुढे सरकवलं.

तुझंही असंच अवेळी फुटेल. दाबू नकोस. अगं, तुकोबा तर थेट विठोबाशीच भांडले! आणि गटातून 'कशी आहेस' म्हणून फोन आला, तर लगेच उचलू नकोस. आधी मला लाव.