बाबांच्या शंखांच्या जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ का?

प्रश्न: नमस्कार, माझ्या वडिलांनी साठ-सत्तरच्या दशकात हर्णै, गुहागर, मालवण असं फिरून शंख, कवड्या जमवल्या. काड्यापेटीत एकेक शंख आणि त्यासोबत चिठ्ठी. नावं पार जुनी आहेत, ठिपक्यांच्या मोठ्या कवडीवर सायप्रिया अरॅबिका लिहिलंय पण नेटवर मॉरिशिया अरॅबिका दिसतं. नवीन नावांच्या प्रिंट काढून जुन्या चिठ्ठ्या टाकल्या तर चालेल का? पुढे म्युझियमला द्यायचा विचार आहे.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, एकही चिठ्ठी टाकू नका! नावाचं काय, शंख समोर असला की जाणकार माणूस ते कधीही ठरवू शकतो, पण 'हर्णै, ओहोटी, खडकाखाली, जिवंत' एवढं जे बाबांनी लिहून ठेवलंय ते आता दुसरं कोणीच सांगू शकणार नाही. त्यातला 'जिवंत' हा शब्द तर सोन्यासारखा, कारण वाळूत पडलेला रिकामा शंख लाटेनं किंवा शंखात घर करणाऱ्या हर्मिट खेकड्यानं कुठून आणला असेल काय सांगावं. कवचातल्या ऑक्सिजनवरून पाण्याचं तापमान काढता येतं असं म्हणतात, आणि खरंच येतं, पण साल आणि जागाच माहीत नसेल तर ते कुठल्या समुद्राचं तापमान म्हणायचं?

म्युझियममध्येसुद्धा जुनं नाव खोडत नाहीत. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये ती कवडी सायप्रिया वंशात (genus) टाकली, नंतर वंश बदलून मॉरिशिया झाला, तर जुन्या चिठ्ठीमागे नवीन चिठ्ठी ठेवायची, नाव कोणी आणि कधी बदललं ते लिहून. तुम्हीही तसंच करा, पेन्सिलनं. आणि चिठ्ठीवर नुसतं 'रत्नागिरी' असेल तर आपल्या मनानं तिथला भाट्ये किंवा मांडवी किनारा जोडू नका प्लीज. ऑनलाइन नकाशांवर अशा नोंदींचा ठिपका थेट शहराच्या मधोमध पडतो, म्हणून जागा किती किलोमीटरपर्यंत चुकू शकते तेही सोबत नोंदवतात.

काड्यापेट्या आणि लाकडी कपाट मात्र सोडा. लाकूड-पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघते, दमट हवेत शंखावर पांढरी पावडर धरते आणि चकाकी कायमची जाते. प्लास्टिकच्या डब्या घ्या, चिठ्ठी डबीच्या आतच ठेवा, आधी सगळ्यांचे फोटो काढा.

आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं वेस्टर्न रीजनल सेंटर आहे, तिथे यादी आणि फोटो पाठवून आधी विचारा. ट्रायटन ट्रम्पेटसारखे काही शंख वन्यजीव कायद्याखाली येतात, तसं काही निघालं तर विकायच्या भानगडीत पडू नका, वनखात्याला विचारून घ्या.