साक्ष द्यायची वेळ आली आणि वाचा बसली

सुवार्तेसाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायला, परदेशी जाऊन आलेली तरुण मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा थोड्याच वेळात एक वाक्य हमखास निघतं. "ताई, इतक्या लांब गेलो, चर्चच्या सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, पैसे उभे केले, आणि ऐन वेळी तोंडच उघडलं नाही. मी प्रभूची लाज धरतो का?" जायच्या आधी येणारी मुलं हीच काळजी दुसऱ्या टोकाने बोलून दाखवतात. तिथल्या विद्यार्थ्यांनी काही विचारलं आणि मला उत्तर आलं नाही तर?

हे इतक्यांदा ऐकलं आहे की एकीची हकीकत सांगूनच उत्तर द्यावं असं वाटलं. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि पुष्कळ भेटींमधलं बोलणं इथे मोजक्या शब्दांत आणलं आहे.

ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. चर्चच्या तरुण संघाबरोबर दोन आठवडे जपानला जाऊन आली होती. तिथल्या एका विद्यापीठाजवळच्या छोट्या मंडळीला हातभार लावायचा, विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी संभाषणाच्या बैठका घ्यायच्या आणि ओळख वाढली की विश्वासाबद्दल बोलायचं, असं काम होतं. देवाचं प्रेम, माणसाचं पाप, ख्रिस्ताचं मरण व पुनरुत्थान, आणि आपला निर्णय हे चार मुद्दे तिने जाण्यापूर्वी पाठ केले होते. तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे स्वतःच्या विश्वासाचा अनुभव, तीही घोटून तयार होती.

"परत आल्यावर गटातल्या सगळ्यांनी मंडळीपुढे साक्षी दिल्या," ती म्हणाली. "मी बरं नाही असं सांगून घरी राहिले."

"गेली असतीस तर काय सांगावं लागलं असतं?"

"की एक मुलगा आपणहून माझ्याशी बोलायला आला होता, आणि मी त्याला घालवून दिलं."

तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी, बैठकांना नेमाने येणारा. एका संध्याकाळी खुर्च्या आवरताना त्याने तिला विचारलं होतं, "तू ज्यासाठी प्रार्थना करतेस ते झालं नाही, तर तू काय करतेस?" ती पटकन म्हणाली की देव योग्य वेळी योग्य तेच देतो, आणि लगेच पाठ केलेल्या दुसऱ्या मुद्द्यावर गेली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वाकून आभार मानले आणि पुढच्या बैठकीला तो आला नाही. त्यानंतर उरलेल्या दिवसांत तिने कुणाशीच विश्वासाबद्दल बोलायचं धाडस केलं नाही. मार्कच्या आठव्या अध्यायातलं वचन, जो माझी लाज धरील त्याची लाज मनुष्याचा पुत्रही धरील, तिच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं.

माझ्याकडे येताना तिने विश्वासाच्या समर्थनावरच्या पुस्तकांची यादी आणली होती. यातलं आधी कोणतं वाचू? मी यादी बाजूला ठेवली. ज्या मुलीला चार मुद्दे तोंडपाठ होते तिला पाचवा मुद्दा नको होता.

विद्यार्थ्यांच्या खांद्यावरचं हे ओझं जुनं आहे. १८८६च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मौंट हर्मन इथे भरलेल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सुवार्ताकार्याला वाहून घेण्याची तयारी दाखवली. त्यातून जी विद्यार्थी चळवळ उभी राहिली तिचं ब्रीद होतं, याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता. त्या शंभरांपैकी जॉन मॉट यांनी पुढे १८९५ मध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेना इथे जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्या तळमळीला मी मनापासून मान देते. पण "याच पिढीत" हे आयुष्य वाहणाऱ्यांचं ब्रीद दोन आठवड्यांच्या सहलीला लावलं, की "याच पंधरवड्यात" होतं, आणि विशीतल्या मुलीला वाटू लागतं की समोरच्याचं अनंतकाळ आपल्या पुढच्या वाक्यावर टांगलेलं आहे. अशा धाकाखाली कुणाला मोकळं बोलता येईल?

जपानबद्दलही तिला थोडं सांगावं लागलं. तिथे ख्रिस्ती लोक लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास आहेत. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने विषारी वायू सोडला. त्या पंथात उत्तम शिकलेले तरुणही होते. त्यानंतर विद्यापीठं नव्या विद्यार्थ्यांना बजावत आली आहेत की मैत्री, खेळ, भाषा यांचं निमित्त करून, खरी ओळख लपवून पंथात ओढणाऱ्यांपासून सावध राहा. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर, मारेकऱ्याचा ज्याच्यावर राग होता त्या युनिफिकेशन चर्च या पंथाबद्दलची चर्चा पेटली आणि ही सावधगिरी आणखी वाढली. म्हणजे तो मुलगा परत न येण्याला तिच्या दोन वाक्यांपलीकडची कारणंही असू शकत होती. हे ऐकून तिला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं पुढच्या भेटीपर्यंत टिकलं नाही. माहितीने मन शांत होतं ते वरवर. आतली गाठ तशीच असेल, तर माणूस पुन्हा त्याच जागी येऊन बसतो.

ती गाठ एका साध्या प्रश्नाने सैल झाली. मी विचारलं, "तो प्रश्न तुला त्याच्याआधी कुणी विचारला होता का?"

ती बराच वेळ गप्प होती. मी काही बोलले नाही. अशा शांततेत समुपदेशकाने शब्द घालू नयेत, हे मी फार पूर्वीपासून मानत आले आहे, आणि त्या दिवशी पुन्हा त्याची खात्री पटली.

"मीच विचारला होता," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा."

मग सगळं बाहेर आलं. बाबांचं आजारपण, मंडळीने धरलेले उपास, रात्रभराच्या प्रार्थना, बरे होणार असं छातीठोकपणे सांगणारे लोक. बाबा गेल्यावर त्याच लोकांनी, ते प्रभूजवळ आहेत, रडू नकोस, असं म्हटलं आणि ती रडायची थांबली. त्यानंतर तिने कुणालाही काही विचारलं नव्हतं.

"तुझ्या त्या तीन मिनिटांच्या साक्षीत बाबा कुठे येतात?"

"येत नाहीत." आणि जरा थांबून, "साक्षीचा शेवट चांगला असावा लागतो ना, ताई."

हे वाक्य मी नंतर कितीतरी गटांना सांगितलं आहे. त्या मुलाने प्रश्न विचारला तेव्हा तिला वाटलं होतं, याला कळलं! आपण जे झाकलं आहे नेमकं तिथेच याने बोट ठेवलं. म्हणून ती पाठांतराच्या आडोशाला गेली. त्यात प्रभूची लाज कुठेच नव्हती. तिला भीती होती ती स्वतःच्या अडवून ठेवलेल्या दुःखाची. त्या मुलाने तिच्या विश्वासावर हल्लाही केला नव्हता. बहुधा तोही आपलंच काहीतरी घेऊन तिच्यापाशी आला होता.

त्या भेटीत मी तिला स्तोत्र ८८ मोठ्याने वाचायला सांगितलं. ते कोरहाच्या मुलांचं गीत आहे, सुरुवातीपासून आक्रोशाचं, आणि ते अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, उत्तर नाही. वाचून झाल्यावर तिने पान उलटून पाहिलं, पुढे काही राहिलं की काय म्हणून.

"इथेच संपतं?"

"इथेच. आणि हे मंदिरात गायचे."

तेव्हा ती रडली. बाबांसाठी, इतक्या दिवसांनी.

पुढच्या एका भेटीत मी त्या मुलाच्या जागी बसले आणि त्याचाच प्रश्न तिला विचारला. ती सावकाश बोलली, "माझे बाबा वारले. आम्ही खूप प्रार्थना केली होती. असं का झालं ते मला अजून कळलेलं नाही, आणि कधीकधी देवाचा रागही येतो. पण मी प्रार्थना सोडलेली नाही. कारण माझा येशू लाजराच्या कबरीपाशी रडलेला आहे. त्याच्याजवळ मला रडता येतं." तिच्या चार मुद्द्यांहून हे कितीतरी छोटं होतं, आणि त्यात ख्रिस्त अधिक स्पष्ट दिसत होता. माझ्या कामातल्या समाधानाच्या क्षणांपैकी तो एक आहे.

तिने ते त्या मुलाला पत्रात लिहिलं. सोबत, त्या संध्याकाळी तुझा प्रश्न मी नीट ऐकला नाही, हेही लिहिलं. त्याचं लांबलचक उत्तर आलं. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही, ते त्याचं आहे. तो ख्रिस्ती झालेला नाही. त्या मंडळीच्या बैठकांना अधूनमधून जाऊ लागला आहे.

माझ्या कामाची बैठक ज्यांच्या विचारांवर आहे त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा उल्लेख इथे करायलाच हवा. विद्यार्थिदशेत ते पाळकसेवेची तयारी करत होते, आणि १९२२ मध्ये त्याच जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या पेकिंगमधल्या (आजच्या बीजिंगमधल्या) परिषदेला अमेरिकेतून गेले होते. सहा महिन्यांहून अधिक काळाचा तो प्रवास. प्रामाणिक माणसांची धार्मिक मतं अगदी वेगवेगळी असू शकतात हे त्यांना तिथे उमगलं, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. नंतर त्यांनी पाळकसेवेची वाट सोडली. मी ती सोडलेली नाही, माझा विश्वास ख्रिस्तावर आहे. पण समोरच्याचं ऐकताना त्याला दुरुस्त करायची घाई बाजूला ठेवायची, हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि शुभवर्तमान वाचताना ते मला तिथेही दिसत राहतं. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. फिलिप्पाने कूशी षंढाच्या रथाजवळ जाऊन आधी विचारलं, वाचता ते समजतं का? श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा प्रभू त्याच्यामागे धावला नाही. तो जाण्याआधीच प्रभूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली होती, असं मार्क लिहितो.

म्हणून जाणाऱ्या मुलांना मी सांगते, तुमची साक्ष लिहा, आणि मग विचारा की यातून मी काय गाळलं? जे गाळलं ते सगळं तिथे उघडं करायचं नसतं. जखम अजून ओली असेल तर अनोळखी लोकांसमोर मुळीच नाही. पण ते आपल्या देवासमोर आणि एखाद्या विश्वासू माणसासमोर बोलून झालेलं असावं, म्हणजे कुणी अचानक तिथे हात लावला तर तुम्ही दचकणार नाही. "मला माहीत नाही" म्हणायला घाबरू नका. योहानाच्या नवव्या अध्यायातला दृष्टी मिळालेला माणूस पंडितांपुढे येशूबद्दल तेच म्हणाला. तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. पेत्रही उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो ते विचारणाऱ्यांना, आणि सौम्यतेने. म्हणजे आधी कुणाला तरी विचारावंसं वाटलं पाहिजे.

ओळख लपवू नका. बैठक चर्चची असेल तर आमंत्रणातच तसं लिहा. भाषा शिकायला म्हणून बोलवायचं आणि शेवटी पवित्र शास्त्र काढायचं, यात फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो. ज्या देशात जाता तिथला कायदाही जाण्याआधी समजून घ्या. नेपाळच्या राज्यघटनेच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याला मनाई आहे. तुम्ही विमानाने परत येता, परिणाम भोगायला तिथली मंडळी मागे राहते. एखादा विद्यार्थी नाही म्हणाला तर तो विषय तिथेच थांबवा आणि मैत्री तशीच ठेवा.

फळ दिसलं नाही म्हणून खचणाऱ्यांना मी जपानचाच इतिहास सांगते. १५४९ मध्ये मिशनरी फ्रान्सिस झेवियर जपानच्या कागोशिमाला उतरले. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पुढे पाळक उरले नाहीत, छळ झाला. आणि १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीहून आलेल्या काही लोकांनी तिथले फ्रेंच धर्मगुरू फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितलं की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. दोनशेहून अधिक वर्षं त्यांनी विश्वास घरात जपला होता. मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने, असं पौल लिहितो.

मंडळीच्या पुढाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलं परत आल्याबरोबर त्यांना व्यासपीठावर उभं करून, किती जणांनी प्रभूला स्वीकारलं, हे विचारू नका. आधी एकेकट्याशी निवांत बोला. काय ऐकून आलास, काय जड गेलं, असं विचारा. सांगण्यासारखं विजयाचं काही नसलेल्या मुलालाही मंडळीपुढे बोलू द्या, त्याची इच्छा असेल तर. आणि परतल्यावर काही आठवडे उलटले तरी एखादा झोपत नसेल, उपासना टाळत असेल, आपण देवाच्या मनातून उतरलो असं म्हणत असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याला समुपदेशकाकडेही घेऊन या. या दोन्हींपैकी एकच निवडायची गरज नाही.