घोड्यांचा ट्रेलर ओढायला कोणती गाडी?

प्रश्न : आमच्याकडे दोन काठियावाडी घोडे असून वर्षातून पाच-सहा वेळा त्यांना चोर्ला घाटातून बेळगावला न्यावे लागते. आजवर भाड्याचा टेम्पो करीत होतो; आता दोन घोड्यांचा जुना ट्रेलर विकत मिळत आहे. घरी दीड लिटर डिझेल इंजिनाची लहान एसयूव्ही आहे. गॅरेजवाले म्हणतात की इंजिनात भरपूर ताकद आहे, फक्त हूक बसवला की झाले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : हूक बसवू नये, असे मी स्पष्ट सांगतो. आपली गाडी ट्रेलर ओढील, कदाचित घाटही चढेल. पण बेळगावहून परतताना चोर्ल्याच्या उतारावर मागचे वजन तिला पुढे ढकलू लागेल, तेव्हा ते रोखण्याची कुवत तिच्यात आहे का, हे पाहायला हवे.

हिशेब करून पाहा. रिकामा ट्रेलर साधारण ९५० किलोचा, प्रत्येकी ४०० किलोचे दोन घोडे आणि चारा, पाणी, खोगीर मिळून १०० किलो धरले, तर १८५० किलो होतात. आपल्या गाडीचे स्वतःचे वजन १२०० ते १३०० किलोच्या आसपास असेल. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारे जड, आणि तेही जिवंत, उंच उभे राहणारे, वळणावर पाय रोवून भार इकडून तिकडे टाकणारे. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हुकावर यायला हवा, म्हणजे सुमारे १८५ ते २८० किलो. तो कमी पडला तर ट्रेलर डुलू लागतो, आणि पुरेसा ठेवला तर घरातली चार माणसे बसल्यावर गाडीची भारक्षमता संपून जाते.

माझ्या मते वेगळी चेसिस (बॉडीखालचा स्वतंत्र पोलादी सांगाडा) असलेली, मागच्या किंवा चारही चाकांना जोर देणारी डिझेल गाडीच घ्यावी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, जितके आखूड तितका डुलणारा ट्रेलर गाडीला सहज हलवतो. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या पिकअपचा व्हीलबेस तीन मीटरहून अधिक असतो. तीन दारांच्या महिंद्रा थारचा २४५० मिलिमीटरच आहे, म्हणून चेसिस भक्कम असूनही दोन घोड्यांसाठी मी तिची शिफारस करणार नाही. कोणतीही गाडी घेण्यापूर्वी तिच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मर्यादा वाचावी. तिथे मनाई असेल किंवा काहीच लिहिलेले नसेल, तर तो नकारच समजावा.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो घेऊच नये. घाटाच्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापून निकामी होऊ लागतो, म्हणून चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना ठेवावा, आणि पावसात तर वेग आणखी कमी करावा. ट्रेलर डुलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नये. अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरावे. एकच घोडा न्यायचा झाल्यास तो उजव्या बाजूला उभा करावा, कारण आपल्याकडे रस्ता डावीकडे उतरता असतो.

ट्रेलरची नोंदणी आणि पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आधी पुरे करावे. मग भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेऊन माझे वरचे आकडे खरे आहेत का ते तपासावे, आणि घाटाची पहिली फेरी घोड्यांशिवाय करावी. तोवर टेम्पो सोडू नये.