दुर्गा खोटे यांचं काम समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय, की दुर्गाबाई तुम्हाला फक्त 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आणि 'बॉबी'तली आजी म्हणून माहीत आहेत, तुम्ही पुण्यातच राहता आणि कुठले सिनेमे कुठल्या क्रमाने बघावेत ते हवंय. शेवटी सहज एक वाक्य जोडलंय: "सिनेमात आलेली पहिली घरंदाज बाई ना त्या?" क्रम सांगतो, पण आधी या वाक्याबद्दल बोलायलाच हवं.

हे विशेषण आपण फार सैल वापरतो. 1913 साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले उभ्या राहिल्या होत्या. दुर्गा खोट्यांना 'पहिली घरंदाज' म्हटलं, की या मायलेकी आपोआप कोण ठरतात? आणि खुद्द दुर्गा खोट्यांनाही त्या घरंदाजपणाचा उपयोग झाला नाही, झाला तो जाच. सासरची आर्थिक घडी विस्कटलेली, पदरात दोन मुलं, म्हणून 1931 मध्ये त्यांनी 'फरेबी जाल'मध्ये छोटं काम केलं. सिनेमा पडला आणि एवढ्या चांगल्या घरातल्या बाईने हे केलंच कसं, म्हणून बोलणी खावी लागली ती त्यांना. त्यांचं मोठेपण कुळात शोधू नका, कामात शोधा.

त्यासाठी सुरुवात प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'पासून करा. साल 1932, स्टुडिओ कोल्हापूरचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. एकोणीस वर्षांनी तीच तारामती बोलायला लागली, गायला लागली. पार्श्वगायन तेव्हा नव्हतंच, ते 1935 च्या आसपास आलं. म्हणजे गाणं कॅमेऱ्यासमोर गायचं, त्याच वेळी अभिनय करायचा आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करणार. मायक्रोफोनपासून तोंड वळलं की आवाज पडतो, म्हणून हालचालीला मोजकीच जागा. एक सूर हलला किंवा कुणी खोकलं, की अख्खा शॉट पुन्हा. आणि मराठी झालं की तोच प्रसंग हिंदीत परत, कारण दोन्ही आवृत्त्या स्वतंत्र चित्रित व्हायच्या. हे डोक्यात ठेवून बघितलंत, तर त्यांचं उभं राहणं 'ताठर' वाटणार नाही. शेजारी हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आहेत, मुरलेले संगीत नाटकवाले. त्यांचं वाक्य शेवटाकडे सुरात झुलतं. दुर्गाबाईंचं वाक्य सरळ जाऊन थांबतं. माझ्या मते मराठी बोलपटातलं 'बोलणं' त्या थांबण्यात सुरू झालं.

जुनी प्रत बघताना दोन चुका सगळेच करतात. चित्र टीव्हीभर ताणू नका, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर चेहरे पसरट दिसतात आणि बाईंचा करारी जबडाच हरवतो. दुसरं, खरखरीला कंटाळून आवाज बारीक करू नका. हेडफोन लावा आणि ट्रेबल उतरवा. खरखर बहुतेक वरच्या पट्टीत असते, शब्द खाली सापडतात.

पुढचा सिनेमा 'अमरज्योती', 1936. तोवर प्रभात पुण्यात आलेली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथलाच हा सिनेमा. न्यायालय मुलाचा ताबा नाकारतं म्हणून राज्याविरुद्ध उभी राहिलेली सौदामिनी, समुद्री चाच्यांची म्होरकी. एकत्तीस वर्षांची नायिका, आणि तिच्या तोंडी प्रेमाचं लाडिक वाक्य नाही, हुकूम आहे. प्रभात रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ही बाई माहीत आहे?

'अयोध्येचा राजा' आणि 'अमरज्योती' यांच्यामध्ये त्या कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' करून आल्या होत्या. कलाकार महिन्याच्या पगारावर एकाच स्टुडिओला बांधलेले असण्याचा तो काळ. त्या काळात कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई असं भूमिका बघून काम घेणं, हा त्यांनी खरा पाडलेला पायंडा. घरंदाजपणाच्या गोष्टीत नेमकं हेच झाकलं जातं.

'आईच्या भूमिका करणाऱ्या' हेही तसंच. 1941 च्या 'पायाची दासी'त त्या छळवादी सासू झाल्या, तेव्हा वय छत्तीस. पुढच्याच वर्षी 'भरत भेट'मध्ये कैकेयी आणि 1943 मध्ये सोहराब मोदींसमोर 'पृथ्वी वल्लभ'ची मृणालवती, कैद्यावर जीव जडलेली कठोर विरागिनी. ही तिन्ही कामं बघितल्याशिवाय जोधाबाईकडे परत जाऊ नका.

रंगभूमीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मुंबई मराठी साहित्य संघासाठी 1950 च्या दशकात त्यांनी खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त आनंदीबाई केली आणि शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये लेडी मॅकबेथच्या जागची बाईही केली. दोन्हीकडे नवरा नानासाहेब फाटक, दोन्हीकडे नवऱ्याला सत्तेकडे ढकलणारी बायको. कॅमेऱ्यापुढे आवाज आवरायला शिकलेली अभिनेत्री, आणि समोर नानासाहेबांसारखा नाट्यगृह दणाणून टाकणारा नट! 1958 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता माझ्याच म्हणण्याला थोडी मुरड घालतो. त्यांचं शिक्षण आणि माहेरचं नाव यांचा काहीच परिणाम झाला नाही, असं मी म्हणत नाही. त्यांच्यामुळे कितीतरी घरांतला विरोध मऊ पडला. आणि आईच्या भूमिका हलक्या, असंही नाही. 'बिदाई'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं ते रास्तच होतं.

'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र सिनेमांच्या आधी नको, नंतर वाचा. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, प्रभातच्या छायाचित्रांसाठी आणि कात्रणांसाठी तिथे चौकशी करा. 'भाऊबंदकी'ची संहिता मात्र नक्की मिळवा. कैकेयी बघून झाली की त्याच रात्री आनंदीबाईची वाक्यं मोठ्याने वाचा, न झुलवता, पूर्णविरामाशी थांबत.