दम पुरत नसेल तर आधी सांगा, मग रक्त द्या

वडिलांना सीओपीडी (श्वास सोडायला त्रास देणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे, वांद्र्याच्या नाकाबंदीत पुन्हा पुन्हा फुंकूनही दारू तपासायच्या मशीनवर आकडा आला नाही आणि हवालदार "काका, नाटक करू नका" म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. मशीन बिघडलेलंच असेल असं नाही. त्याला काही सेकंद एकसारखी फुंक लागते, फुफ्फुसाच्या तळातली हवा आल्याशिवाय ते नमुना धरत नाही. सीओपीडीत नेमकी तीच हवा बाहेर पडायला वेळ लागतो. चेहऱ्याचा लकवा असेल तर ओठ नळीभोवती आवळत नाहीत, तिथेही हाच घोळ.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम २०३ बघा. फुंकायला नकार दिला काय नि फुंकता आलं नाही काय, दारूचा वाजवी संशय असला तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. म्हणून गुपचूप अर्धवट फुंकत राहणं सगळ्यात वाईट. नळी हातात येण्याआधीच सांगायचं, "फुफ्फुसाचा आजार आहे, दम पुरणार नाही, रक्त तपासा." स्पायरोमेट्रीचा (फुंकण्याची ताकद मोजणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलमध्ये हवी. कलम २०५ प्रमाणे चाचणी न देणं आरोपीविरुद्ध धरता येतं, पण वाजवी कारण दाखवलं तर नाही. ही चिठ्ठी म्हणजे ते कारण. (३१ डिसेंबरच्या रात्री ती वाचायला कोण थांबतंय म्हणा, तरी दाखवा.)

रक्ताचा पर्याय मात्र रस्त्यावर मिळत नाही. कलम २०४ नुसार आधी अटक, मग पोलीस ठाणं, तिथे नोंदणीकृत डॉक्टर रक्त घेणार. रात्र जाते, पण वडील पीत नसतील तर निकाल त्यांच्याच बाजूने लागेल. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. कोविडमध्ये फुंकणं बंद होतं तेव्हा मुंबईत संशयितांचं रक्तच तपासत होते, म्हणजे पोलिसांना हे नवीन नाही.

आणखी एक, श्वासाच्या पंपाबद्दल (इनहेलर). काही पंपांत थोडं अल्कोहोल असतं. पंप मारल्या मारल्या फुंकलं तर तोंडात राहिलेलं मशीनला दिसू शकतं. माउथवॉशचंही तसंच. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकू द्या म्हणावं. मधुमेहात श्वासातून येणाऱ्या अ‍ॅसिटोनने जुनी सेमीकंडक्टर सेन्सरवाली मशीन फसतात, फ्युएल सेल सेन्सरवाली सहसा नाही.

रक्त घेताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसू देऊ नका, अल्कोहोल नसलेलं जंतुनाशक मागा. नाहीतर वकिलांना वाद घालायला मुद्दा मिळतो, तुम्हाला तारखा.